चारातल्या तिघी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नात आली होती, मग संगणकापाशी बसायला सवड कुठली! ती अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएचडी करते. नक्की काय करते असं कुणी विचारलं की "दिव्यांचं काहीतरी" असं म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, दुसरं काय सांगणार? यंदा मात्र तिला समोर बसवलं. म्हटलं, बाई गं, मला कळेल असं सांग, आणि मराठीत सांग.

तिने माझाच मोबाइल हातात घेतला. या पडद्याला म्हणे ओलेड म्हणतात. आत सेंद्रिय रेणूंचे केसाहून कितीतरी पातळ थर. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसरीकडून त्यांच्या रिकाम्या जागा सरकत येतात, आणि दोघांची जोडी जमली की उजेड पडतो. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी असा पातळ थरांचा दिवा करून दाखवला. पण त्यात एक खोट होती. चार जोड्या जमल्या तर उजेड देणार एकच. उरलेल्या तिघींची ऊर्जा उष्णता होऊन वाया.

"म्हणजे त्या तिघींत दमच नसतो?"

"असतो की गं आजी. जवळजवळ तेवढाच. पण उजेड द्यायची त्यांना मनाई असते. पुंजभौतिकीचा नियम आहे तसा."

ही मनाई सैल कशी करायची? रेणूच्या मधोमध जड धातूचा अणू बसवायचा. त्याच्या सहवासात तिघींचीही वाट मोकळी होते. १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनम वापरून हे दाखवलं, पुढच्याच वर्षी इरिडियमने हिरवा उजेड दिला. (इरिडियम सोन्याहूनही दुर्मिळ, म्हणून काही जण तांब्यावर प्रयत्न करताहेत.) इरिडियमभोवती तीन सेंद्रिय हात असतात. हात बदलले की रंग बदलतो. हाताला फ्लोरिन जोडला तर रंग निळ्याकडे झुकतो. हे हात घडवणं हेच माझ्या नातीचं काम.

आणि तिचं सगळं अडलंय त्या निळ्यापाशी. निळ्याला ऊर्जा लागते सगळ्यात जास्त. त्या तिघी ती घेऊन सेकंदाचा दहा लाखावा भाग ताटकळतात. ऐकायला एवढंसं, पण साध्या चमकणाऱ्या रेणूच्या शेकडो पट. तेवढ्यात असे दोन भारलेले रेणू एकमेकांना भिडले की एखादा तुटतो. म्हणून मोबाइलमध्ये लाल-हिरव्याला इरिडियम आलं, तरी निळा वर्षानुवर्षं जुन्याच पद्धतीचा राहिला. हिने दोन वर्षं खपून एक रेणू केला. सुरेख निळा, पण चार तासांत विझला. सांगता सांगता रडायलाच लागली. सोडून द्यावंसं वाटतं म्हणाली.

मला काय सुचणार? तिला पन्हं करून दिलं.

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. सारखा माझा आठवीचा वर्ग दिसत होता. साठ मुलं. हात वर करणारी पंधरा, फार तर सोळा. बाकीच्यांना आम्ही शिक्षक खोलीत सरळ "ढ" म्हणायचो, मीही म्हणायचे. शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. विचारलं की उभा राहायचा, ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. मी म्हणायचे, बस खाली. वर्षभर हेच. दिवाळीनंतर तो यायचा थांबला आणि मी हजेरीतून त्याचं नाव कमी केलं. पुढे जुन्या वह्या रद्दीत घालताना त्याचा निबंध हाती लागला. विषय "आमची विहीर". तो पहिल्यांदा तपासताना मी फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या होत्या. विहिरीत उतरणाऱ्या उन्हाबद्दल त्याने काय लिहिलं होतं, ते तेव्हा वाचलं.

सकाळी हे नातीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली थोडा वेळ, मग बॅग भरायला उठली.

परवा तिचा फोटो आला. काचेच्या तुकड्यावर नखाएवढा निळा चौकोन. खाली लिहिलंय, "नवीन हात. सहा तास झाले, अजून चालू आहे." मी लगेच विचारलं, सातवा? उत्तर यायचंय. तिकडे रात्र असेल.