कोळशाचें वय

इतिहासाच्या अभ्यासांत मला सर्वांत अधिक कुतूहल वाटतें तें कालनिर्णयाचें. राजांनीं शिलालेख कोरविले, नाणीं पाडलीं. त्यांचा काळ विद्वानांस ठरवितां येतो. पण ज्यांनीं कांहींच लिहून ठेविलें नाहीं, त्यांच्या विझलेल्या चुलीचा काळ कोणीं सांगावा? हा प्रश्न मनांत असतां शिकागो विद्यापीठांतील विलर्ड लिबी यांच्या प्रयोगशाळेची हकीकत माझ्या वाचनांत आली.

तत्त्व सोपें आहे. विश्वकिरणांमुळें वातावरणांत किरणोत्सर्गी कार्बन निरंतर उत्पन्न होतो. झाडें तो हवेंतून घेतात, प्राणी अन्नांतून. मृत्यूनंतर ही आवक थांबते आणि सांठलेला अंश सुमारें ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. उरलेला अंश मोजला कीं वय कळलें!

परंतु मोजावा कसा? ताज्या लाकडांतील एक ग्रॅम कार्बनांत असे अणु मिनिटाला सुमारें चौदाच फुटतात. आणि उघड्यावरील मोजयंत्रांत भोंवतालच्या किरणांचे शेंकडों ठोके पडतात. भर बाजारांत घड्याळाची टिकटिक ऐकावी, तसें हें काम! म्हणून लिबी व त्यांचे सहकारी यांनीं यंत्राभोंवतीं आठ इंच जाडीचें लोखंड रचिलें. तेंही भेदून येणाऱ्या किरणांसाठीं सभोंवार गायगर नळ्यांचें कडें बसविलें. बाहेरचा किरण आला कीं कडें व आंतील यंत्र एकाच क्षणीं ठोका देत, आणि तो ठोका हिशेबांतून वगळला जाई. शेवटीं हे अनाहूत ठोके मिनिटास सुमारें पांचांवर आले.

इतकें झाल्यावर त्यांनीं यंत्राचीच परीक्षा घेतली. ज्यांचा काळ आधींच ठाऊक होता अशीं लाकडें तपासलीं. त्यांत इजिप्तच्या झोसर राजाच्या थडग्यांतील लाकूड होतें. ही पडताळणी १९४९ सालीं प्रसिद्ध झाली व १९६० सालीं लिबी यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच दशकांत मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत अशी प्रयोगशाळा उभी राहिली. तेथें आपल्या नेवाशाच्या उत्खननांतील कोळसाही तपासला गेला, आणि तेथील निरक्षर शेतकऱ्यांची वसाहत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ठरली.

विद्यार्थिबंधूंनो, क्षीण ठोका मोठा करण्यावरच ते शास्त्रज्ञ विसंबून राहिले नाहींत. त्यांनीं भोंवतालचा गोंगाट दूर केला, आणि ज्ञात गोष्टींवर स्वतःस पारखून मगच अज्ञाताविषयीं तोंड उघडलें. वर्गांत एखादें मत ठासून सांगण्यापूर्वीं मी हल्लीं मनास विचारतों, 'तुझी पडताळणी झाली आहे काय?'