वहीत ऑस्ट्रेलिया लिहिणारी मुलगी

तुळजापुरात आम्ही सात-आठ जण एका अभ्यासिकेत बसतो. बहुतेक स्पर्धा परीक्षेवाले, काही चळवळीतले, काही दोन्हीकडचे. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात आम्ही एक वही घातली. नाणेफेकीआधी कोण जिंकणार ते लिहायचं, शेजारी एका ओळीत कारण लिहायचं, आणि पैसा लावायचा नाही. चुकेल त्याने चहा पाजायचा. शेवटी पहिला येईल त्याला सगळ्यांनी मिळून एक पुस्तक द्यायचं.

पैशाचा नियम माझा. मोबाइलवर टीम लावून आठवड्याची रोजंदारी घालवलेली पोरं मी वस्तीत पाहिली होती. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आला, पण ज्यांचे गेले ते गेलेच.

१९ नोव्हेंबरला अहमदाबादला अंतिम सामना होता. भारताने ओळीने दहा सामने जिंकले होते. वहीत सगळ्यांनी भारत लिहिलं. कारणाच्या रकान्यात एकाने ‘कप आपलाच’ लिहिलं, एकाने तिरंगा काढला, मी ‘यंदा नक्की’ लिहिलं. आमच्यातल्या एका मुलीने मात्र ऑस्ट्रेलिया लिहिलं. कारण: ‘पहिले दोन हरले, नंतर सलग आठ जिंकले. फायनल खेळायची सवय आहे.’

झालं. एकजण म्हणाला, “मग तिकडंच जाऊन राहा की.” दुसऱ्याने तिला देशद्रोही ठरवलं. हसत हसतच, पण ठरवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. वयाने आणि चळवळीत मीच मोठा, मला ती दादा म्हणते. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भारत २४०. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४७ होता तेव्हा आमच्यात तिच्याकडे बघून शिट्ट्या वाजल्या. मग ट्रॅव्हिस हेडने १३७ काढले आणि सहा गडी राखून सामना संपला. ती एक शब्द बोलली नाही. वही बंद करून घरी गेली.

मित्रांनो, भारत लिहिणं चूक नव्हतं. दहापैकी दहा जिंकलेल्या संघावर भरवसा ठेवायला भरपूर आधार होता. पण तो आधार आमच्यापैकी एकानेही लिहिला नाही, आणि जिने आधार लिहिला तिला गप्प केलं. नवस-सायासावर गावोगावी भाषणं ठोकणारा मी, माझ्या ओळीत आणि नवसात फरक काय होता? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं. ते भाषण मी निदान वीस सभांत सांगितलं असेल. क्रिकेट त्यात येत नाही, अशी माझी सोयीची समजूत होती.

क्रिकेटच कशाला? २०१९ च्या लोकसभेला प्रकाश आंबेडकर सोलापुरातून उभे होते. इथून पाऊण-एक तासाची वाट, आम्ही रोज जायचो. सभेची गर्दी बघून मी छातीठोक विजय सांगत होतो. एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलं, “बूथवर माणसं किती हायेत?” त्यालाही आम्ही ‘विकलेला’ म्हणालो. निकाल लागला, सोलापूर गेलं, अकोलाही गेलं. त्या माणसाची माफी मागायची माझी अजून राहिली आहे.

आपल्याला तर हे आधी कळायला हवं होतं. जात म्हणजे जन्माआधी वहीत लिहून ठेवलेला निकालच, कारणाचा रकाना कोरा. चांभार समाजातल्या पळवणकर बाळूंना पुण्यात चेंडू टाकायला मैदानात घेत, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला. अमुक घरचा कर्णधार होणार नाही, हे वर्षानुवर्षं खात्रीने सांगणाऱ्यांकडे कारणाची एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “दादा, हरल्यावर मागताय. भारत जिंकला असता तर?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुस्तक तिलाच मिळालं. आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणलं होतं, ते तिच्या घरी आधीच दोन होते, म्हणून दुकानात बदलून तिने गणिताचं घेतलं.

वही अजून चालू आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या अंतिम सामन्याला मी फार विचार करून दक्षिण आफ्रिका लिहिलं. कारण: ‘साखळीत आपल्याला हरवलंय.’ खरं सांगायचं तर मला तिच्यासारखं दिसायचं होतं. तिने भारत लिहिलं होतं: ‘आफ्रिका याच स्पर्धेत ६९ आणि ९७ मध्ये गुंडाळली गेली. आपण सेमीफायनलला ३३९ चं लक्ष्य गाठलं.’

भारत ५२ धावांनी जिंकला. चहा मी पाजला, सात कप, आणि तिचा बिनसाखरेचा.