डबलडेकर, विजेवर चालणारी, मॉडेल १९२०

फेब्रुवारी २०२३ मधे बेस्टची विजेवर चालणारी डबलडेकर बस मुंबईत धावू लागली, तेव्हा आमच्या ऑफिसात फोटो नुसते फिरत होते. "भविष्य आलं" वगैरे वगैरे. मंडळी, हे भविष्य मुंबईत सप्टेंबर १९२० मधेच येऊन गेलंय! फक्त ते रुळांवरून चालायचं, आणि लोक त्याला ट्राम म्हणायचे.

मुंबईत ट्राम आली ९ मे १८७४ ला, पण ती घोडे ओढायचे. १९०५ मधे 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनीने ती विकत घेतली आणि वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचं वीजकेंद्र उभारलं. ७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम धावली. (४,३०० किलोवॉट म्हणजे किती? आमच्या खानदेशात साक्रीकडच्या मोजक्या पवनचक्क्या, वारा असला की, तेवढी वीज सहज देतात.) बसवाली बेस्ट घरोघरी वीजही कशी देते, याचं उत्तर इथे आहे. गर्दी वाढली तशी १९२० मधे ट्रामवर माडी चढली.

१९२६ मधे मोटारबस आली. १९४७ मधे कंपनी महापालिकेकडे गेली, 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आलं. आद्याक्षरं तीच, अर्थ बदलला! आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली.

आता आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रामचा रूट हार्डकोड केलेला होता. पुढे हातगाडी आडवी आली की मागे सगळ्या ट्राम उभ्या. पण अडचण रुळांची होती, विजेची नव्हे. रूळ काढून वीज ठेवायचा प्रयोगही झाला. वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मधे आली आणि १९७१ मधे बंद पडली. उरलं डिझेल.

एक बग काढताना चांगलं चालणारं मोड्यूलही उडवायचं, आणि मग तेच 'नवीन फीचर' म्हणून परत आणायचं. मधे १०३ वर्षं!

आमच्या जळगाव-धुळ्याला ट्राम कधी आलीच नाही. धुळ्याच्या त्या सरळसोट, नंबर दिलेल्या गल्ल्या बघून वाटतं, इथे किती छान बसली असती. असो. आपल्याकडे उखडायला रूळ नाहीत. विजेची बस आली, तर ती निदान काही बिघडलं म्हणून मुळासकट काढू नये, एवढं मुंबईकडून फुकटात शिकता येईल.