सूर्यनगरीच्या पलीकडे

दिवाळीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, देवदर्शनाला जातात, अगदीच काही नाही तर सासुरवाडीला जातात. आम्ही गेल्या दिवाळीत उन्हाला भेटायला गेलो! याला कारण आमची ताई. तिचा मुलगा मुंबईच्या आय.आय.टी.त सौरविजेवर संशोधन करून थेट राजस्थानच्या वाळवंटात नोकरीला गेला, त्याला आता तिसरे वर्ष. ‘रजा नाही, यंदाही येत नाही’ असा त्याचा फोन आला, तेव्हा ताईने फराळाचा भला मोठा डबा माझ्यापुढे ठेवला आणि डोळ्यांना पदर लावीत म्हणाली, “हा त्याला पोचव. आणि येताना त्याला घेऊनच ये, कायमचा. सूर्य काय मुंबईत उगवत नाही?”

प्रश्न बिनतोड होता. मी डबा उचलला.

वांद्र्याहून जोधपूरला जाणाऱ्या गाडीचे नावच मुळी सूर्यनगरी एक्सप्रेस. समोरच्या बाकावर भुलेश्वरचे एक कापडवाले शेठजी होते. माझ्या प्रवासाचा हेतू ऐकून ते पोटभर हसले. “साहेब, त्या उन्हाला कंटाळून आमचे आजोबा मुंबईला पळाले, आणि तुम्ही पदरचे पैसे खर्चून तिकडे निघालात?” मात्र चकली फोडल्यावर त्यांनी माझ्या वेडाला क्षमा केली.

सकाळी जोधपूरच्या स्टेशनवर भाचा जीप घेऊन आला होता. काळवंडला होता, पण डोळ्यांत चमक होती. शहराची निळी घरे मागे पडली आणि रस्ता उत्तर-पश्चिमेकडे निघाला. बाजरीची कापलेली शेते, खेजडीची एकाकी झाडे, मधूनच एखादा उंट. फलोदी आले तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, १९ मे २०१६ ला या गावी पारा ५१ अंशांवर गेला होता.” जवळच खीचन गाव आहे. हिवाळ्यात हजारो कुरजा पक्षी तिथे उतरतात आणि गावकरी त्यांना दाणे घालतात. आपल्या पोटाची भ्रांत असलेल्या मुलखात पाहुण्या पक्ष्यांचे असे लाड व्हावेत, याचे मला मोठे नवल वाटले.

बापच्या पुढे क्षितिजावर निळेशार पाणी दिसू लागले. “एवढे मोठे तळे?” मी विचारले. भाचा हसला. जवळ गेलो तेव्हा कळले की ते पाणी नव्हे, काच होती! हेच भडला. सुमारे ५,७०० हेक्टरांवर सूर्याकडे तोंड करून बसलेली पॅनेले, आणि त्यांची एकूण शक्ती २,२४५ मेगावॅट. जिथे गवताची काडी उगवायला मारामार, तिथे वीज पिकते आहे.

आणि ती किती स्वस्त! राष्ट्रीय सौर मोहीम २०१० साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावात या विजेचा दर युनिटला सुमारे १२ रुपये पडला होता. २०१७ च्या मे महिन्यात याच भडल्याच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची एकूण सौरशक्ती १ लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली. सात वर्षांत एखादी वस्तू एवढी स्वस्त झाल्याचे मी तरी आमच्या घरखर्चाच्या वहीत कधी लिहिलेले नाही.

“मग आता तुझे इथे काय काम उरले?” मी ताईची वकिली सुरू केली. “पॅनेले बसली, वीज निघाली. चल घरी.”

त्याने मला एका पॅनेलाखाली हात धरायला सांगितला. दिवाळीचे दिवस असूनही आच लागत होती. “कारखान्यात पॅनेलाची शक्ती मोजतात ती २५ अंश तापमानाला,” तो सांगू लागला. “इथे उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांवर जाते. दर अंशाला साधारण ०.४ टक्का शक्ती घटते. म्हणजे ४० अंशांना १६ टक्के. शंभराचे चौऱ्याऐंशीच उरले. प्रकाश हवा मामा, पण उष्मा नको. या बाबतीत लडाखचे पॅनेल सुखी.”

उन्हाची वीज करायची आणि उन्हालाच भ्यायचे, हा विरोध मला तोवर ठाऊक नव्हता.

“आणि ही सगळी गणितं २५ वर्षांची आहेत,” तो पुढे म्हणाला. “एवढ्या उन्हात, एवढ्या धुळीत पॅनेल २५ वर्षं कसं टिकतं, हे थंड देशातल्या पुस्तकात सापडायचं नाही.” आय.आय.टी.तल्या संशोधकांनी २०१३, २०१४ आणि २०१६ साली देशभर हिंडून पॅनेले तपासली होती. उष्ण भागातली पॅनेले थंड भागातल्यांपेक्षा लवकर झिजतात, असे त्यांना आढळले. भाच्याला त्याच कामाचे वेड लागले आहे.

“ही पॅनेलं तरी आपली आहेत का?” मी विचारले. तो जरा गप्प झाला. साहिबाबादच्या सरकारी सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात भारतातला पहिला सौर सेल १९७७ साली तयार झाला होता. सुरुवात लवकर झाली, पण पुढे मोठी बाजारपेठ उभी राहिली तेव्हा माल मुख्यत्वे चीनमधून आला. १ एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलांवर ४० टक्के आणि सेलांवर २५ टक्के जकात बसली. पॅनेल जुळवणारे देशी कारखाने झपाट्याने वाढले, तरी त्याच्या मुळाशी असलेल्या सिलिकॉनच्या चकत्यांसाठी अजून बव्हंशी चीनकडेच पाहावे लागते. ऊन आपले, जमीन आपली, आणि ऊन धरायची ओंजळ मात्र उसनी!

दुपारी कुंपणाबाहेर एका खेजडीखाली एक म्हातारा मेंढपाळ भेटला. भाचा त्याला ‘बाबोसा’ म्हणत होता. त्याने शेळीच्या दुधाचा चहा पाजला, मी त्याला बेसनाचा लाडू दिला. अर्धा खाऊन अर्धा त्याने नातवासाठी पागोट्याच्या शेवात बांधला. त्याच्या मारवाडीचा मला कळला तो अर्थ असा : जमीन कागदावर सरकारची होती, पण शेळ्या-मेंढ्या आजोबांपासून तिथेच चरत. आता कुंपणाला वळसा घालून कोसभर लांब जावे लागते. नातू पॅनेले पुसायला रोजावर होता. मग रात्री पाण्याशिवाय ब्रश फिरवणारी यंत्रे आली आणि नातवाचे काम गेले. “ऊन विकलं गेलं, साहेब,” म्हातारा शांतपणे म्हणाला, “आम्हांला सावलीसुद्धा मिळाली नाही.”

ज्या जोधपूर मुलखात १७३० साली खेजडली गावी झाडे वाचवण्यासाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, तिथला हा माणूस. दोन रुपये चव्वेचाळीस पैशांच्या हिशेबात त्याची सावली कुठेच धरलेली नव्हती. मला उत्तर सुचले नाही. भाचाही खाली मान घालून बसला.

परतीच्या दिवशी मात्र तो मला मुद्दाम जोधपूरच्या काजरीत, म्हणजे केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्थेत, घेऊन गेला. संस्था १९५९ सालची. गुरांचे आंबोण उन्हावर शिजवायची चूलही इथल्याच लोकांनी माती, बाजरीचा भुसा आणि शेण वापरून केली होती. सरपण वाचावे आणि घरधनिणीचा वेळही वाचावा, म्हणून. पुढे १०५ किलोवॅटचे एक शेत पाहिले. पॅनेलांच्या रांगांत अंतर ठेवलेले, आणि मधल्या पट्ट्यांत पीक! मूग, मटकी, जिरे, इसबगोल अशी पिके तिथे घेऊन पाहिली आहेत. काचांवर पडलेले पावसाचे पाणी पन्हाळ्यांतून टाक्यात जाते. त्यानेच काचा धुवायच्या, तेच पिकाला द्यायचे.

“पाहिलंत मामा?” भाचा म्हणाला. “बाबोसाची सावली ही अशी परत देता येईल. पण भडल्यात काय उगवेल, शेळ्यांना कुठे सोडता येईल, पॅनेल किती उंच हवं, हे इथे राहूनच शोधायला हवं. मी गेलो तर माझ्या जागी दुसरा येईल, हे खरं. पण तीन वर्षं मोजलेलं ऊन मी कुणाच्या हाती देऊ?”

माझी वकिली तिथेच संपली.

मुंबईला पोचलो तेव्हा ताई दारातच उभी होती. माझ्यामागे कुणी नाही हे पाहून ती काही बोलली नाही. भाच्याने डब्यात भरून दिलेली केर-सांगरी मी तिच्यापुढे ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. पॅनेलांचे आकडे तिने ऐकले न ऐकले केले; पण म्हातारा, त्याचा नातू आणि पागोट्यात बांधलेला अर्धा लाडू हे तिने मला दोनदा सांगायला लावले.

बराच वेळ डबा निरखून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आतूनच म्हणाली,

“पुढच्या खेपेला मी येते बरोबर. आणि डबे दोन घेऊ. एक त्या बाबोसांच्या घरी.”