कड्यावरून भिंतीवर : आर्को गावाची कहाणी

उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराच्या वरच्या टोकापासून सार्का नदीच्या काठाकाठाने पाच-सहा किलोमीटर आत गेले की आर्को नावाचे टुमदार गाव लागते. गावाच्या डोक्यावर एक उभा कातळ आहे आणि त्या कातळावर जुन्या किल्ल्याचे पडके बुरूज. उतारावर ऑलिव्हच्या बागा आणि काळपट हिरवी, सरळसोट सायप्रसची झाडे. दुपार झाली की सरोवराकडून वारा सुटतो. त्याला तिथले लोक 'ओरा' म्हणतात. या वाऱ्याच्या जोरावर सरोवरात शिडाच्या फळ्यांवरून तरुण मुले सुसाट धावत असतात.

आल्ब्रेख्त ड्यूरर हा थोर जर्मन चित्रकार इटलीच्या प्रवासात इथून गेला आणि १४९५ साली त्याने हा किल्ला आणि हा कातळ जलरंगात रंगवला. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पाचशे वर्षांत देखावा फारसा बदललेला नाही. चित्र पाहून आलेल्या माणसाला गाव ओळखायला अडचण पडत नाही, असे फार थोड्या गावांबद्दल म्हणता येते.

पहिले महायुद्ध संपेपर्यंत आर्को ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. इथली हवा सौम्य. आल्प्सच्या पायथ्याशी असूनही हिवाळा बोचत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे श्रीमंत लोक छातीच्या विकारांवर हवापालट म्हणून इथे येऊन राहत. ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक आल्ब्रेख्त यांनी तर इथे हिवाळी प्रासादच बांधला आणि १८९५ साली त्यांचे निधनही इथेच झाले. त्यांच्या बागेतली देशोदेशीची झाडे आजही पाहायला मिळतात.

पण आज या गावात येणारी माणसे वेगळीच आहेत. रस्त्यावरून जाताना खांद्यावर दोराचे वेटोळे, कमरेला लटकणाऱ्या लोखंडी कड्या आणि खडूच्या भुकटीने पांढरे झालेले हात दिसतात. औषधांच्या दुकानांपेक्षा गिर्यारोहणाच्या सामानाची दुकाने जास्त. या बदलाचे कारण किल्ल्याच्या शेजारीच उभे आहे. त्याचे नाव कोलोद्री.

स्पर्धा नको म्हणणारे एकोणीस

कोलोद्री हा चुनखडीचा करडा, उभा कडा आहे. तो उन्हात न्हालेला असतो, त्यामुळे आल्प्समध्ये बर्फ असतानाही इथे चढता येते. १९८०च्या सुमारास तरुण आरोहकांची एक नवी पिढी या खोऱ्यात येऊ लागली. शिखर गाठण्यात त्यांना रस नव्हता. एखादा अवघड कातळ दोराला न लोंबकळता, केवळ हातापायांच्या बळावर कसा चढता येईल, एवढाच त्यांचा ध्यास. दोर होता, पण तो पडलो तर वाचवण्यापुरता.

आता जिथे कौशल्य आले, तिथे 'कोण सरस?' हा प्रश्न आलाच. गिर्यारोहणाच्या जगात मात्र हा प्रश्न विचारणे अशिष्ट समजले जाई. डोंगर आणि माणूस यांच्यात तिसरा कशाला, तोही हातात घड्याळ आणि शिट्टी घेतलेला? सोव्हिएत संघात १९४०च्या दशकापासून कड्यावर वेगाने चढण्याच्या शर्यती होत होत्या, पण पश्चिम युरोपातले आरोहक त्यांकडे नाक मुरडून पाहत. १९८५ साली फ्रान्समधल्या एकोणीस नामवंत आरोहकांनी तर एक जाहीरनामाच काढला. चढाई हा शोध आहे, तिचा आखाडा करू नका, असा त्याचा आशय. गमतीचा भाग असा, की सही करणाऱ्यांपैकी काहीजण पुढे याच आखाड्यात दिसले. माणसाचे मन आणि कातळ यांत अधिक निसरडे काय, हे सांगणे कठीण आहे.

त्याच वर्षी इटलीत ठिणगी पडली. एमानुएले कास्सारा नावाच्या पत्रकाराने आणि आंद्रेआ मेल्लानो या आरोहकाने बार्दोनेक्या या गावाजवळच्या कड्यावर 'स्पोर्तरोच्चा' नावाची स्पर्धा भरवली. हे गाव तुरिनच्या पश्चिमेला, फ्रान्सच्या सीमेलगत आहे. आधुनिक कातळचढाईच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा इतिहास इथून मोजला जातो. पुरुषांत जर्मनीचा श्टेफान ग्लोवाच आणि स्त्रियांत फ्रान्सची कातरीन देस्तिवेल विजयी झाली. डोंगराच्या उतारावर हजारो माणसे माना वर करून बसली होती. सर्कशीतला झोकांड्यांचा खेळ पाहताना जशी छाती धडधडते, तशी ती धडधडत होती.

पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, स्पर्धेचे दोन टप्पे झाले. एक बार्दोनेक्याला आणि दुसरा आर्कोच्या कोलोद्रीवर. लिन हिल ही अमेरिकेची सव्वापाच फुटांहूनही कमी उंचीची मुलगी त्या वर्षी युरोपात स्पर्धेला आली. देस्तिवेलशी तिची चुरस झाली आणि निकाल देस्तिवेलच्या बाजूने लागला. पण गुण कसे मोजायचे, कशाला किती महत्त्व द्यायचे, याचे नियमच पक्के नव्हते. हिलला तो निकाल पटला नाही आणि वाद झाला. आज मागे वळून पाहताना वाटते, की वाद झाला हे बरेच झाले. त्याशिवाय नियम झाले नसते.

कातळाला लागलेली छिन्नी

नियमांपेक्षाही मोठा प्रश्न कड्याचा होता. स्पर्धेसाठी असा मार्ग हवा, जो कुणीच आधी चढलेला नाही. तो फार सोपा नको, अशक्यही नको. निसर्ग तर कुणाच्या मागणीप्रमाणे मार्ग बनवत नाही. मग संयोजकांनी काय करावे? कुठे छिन्नीने खोबण कोरली, कुठे असलेली पकड फोडून टाकली. लाखो वर्षांचा कातळ एका शनिवार-रविवारसाठी घडवला गेला. त्यात प्रेक्षकांच्या पायांखाली उतारावरचे गवत आणि माती तुडवली जाई, ते वेगळेच. ज्यांनी स्पर्धेला विरोध केला होता, त्यांच्या भीतीत तथ्य होते, हे मान्य करायला हवे.

आर्कोने यावर जो मार्ग काढला, त्यामुळे या गावाचे नाव इतिहासात राहिले. १९८७ साली इथे 'रॉक मास्टर' ही निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी ती खऱ्या कड्यावरच झाली. ग्लोवाच आणि लिन हिल हे विजेते ठरले. हिलने आदल्या वर्षीची बोच धुऊन काढली. दुसऱ्या वर्षापासून मात्र स्पर्धा कोलोद्रीच्या पायथ्याशी उभारलेल्या कृत्रिम भिंतीवर आली. कडा पाठीमागे आणि भिंत पुढे, असे ते दृश्य.

भिंतीचा शोध आर्कोचा नव्हे. फ्रान्समध्ये लिऑनजवळ १९८६ सालीच बंदिस्त सभागृहातल्या भिंतीवर स्पर्धा झाली होती. पण ज्या गावाच्या उशाला इतका देखणा कडा आहे, त्याने तो बाजूला ठेवून भिंत पत्करावी, याला वेगळे मोल आहे. भिंतीवरच्या पकडी राळेच्या बनवलेल्या असतात आणि त्या खिळमोळ्यांनी, म्हणजे बोल्टांनी, घट्ट बसवतात. स्पर्धा संपली की काढून नवा मार्ग रचता येतो. हा मार्ग रचणारा माणूस म्हणजे एक प्रकारचा कोडेकार. शब्दकोड्यातले चौकोन जसे एकमेकांत अडकलेले असतात, तशी इथली प्रत्येक पकड पुढच्या पकडीत अडकलेली असते. उजवा हात चुकीच्या ठिकाणी पडला की चार हालचालींनंतर कळते, आता परतीचा रस्ता नाही.

रॉक मास्टरची पद्धतही मोठी रंजक होती. पहिल्या दिवशीचा मार्ग स्पर्धकाने कधीच पाहिलेला नसे. आपली पाळी येईपर्यंत सगळ्यांना एका बंद खोलीत ठेवत, म्हणजे दुसरा कसा चढला, कुठे पडला, हे कळायला नको. बाहेर टाळ्यांचा कडकडाट ऐकू येई, पण कुणासाठी आणि का, ते समजत नसे. परीक्षेच्या दालनाबाहेर ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांना ही अवस्था नवी वाटणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या मार्गाचा मात्र आधी सराव करू देत. एका दिवशी हजरजबाबीपणा, दुसऱ्या दिवशी पाठांतर, अशा दोन्ही अंगांनी कस लागे. जो जास्त उंच पोहोचेल तो वरचढ, हा साधा हिशेब मात्र दोन्ही दिवशी सारखा.

लिन हिलने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली. १९८७ ते १९९० सलग चार वर्षे आणि पुन्हा १९९२ मध्ये. घराघरांतल्या मुलींना सांगावे असे हे उदाहरण आहे. उंची कमी, तेव्हा हात पुढच्या पकडीपर्यंत पोहोचणार नाही, असे म्हणणाऱ्यांना तिने पाय कुठे ठेवायचा ते दाखवून दिले.

विश्वचषक आणि विश्वविजेतेपद

तोवर गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हा खेळ हाती घेतला होता. १९८९ मध्ये वर्षभर निरनिराळ्या देशांत चालणारा विश्वचषक सुरू झाला. ब्रिटनचा सायमन नॅडिन आणि फ्रान्सची नानेत रेबो हे त्याचे पहिले मानकरी. १९९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा भरली. फ्रान्सचा फ्रांस्वा लग्रां आणि स्वित्झर्लंडची सूझी गूड अवघड चढाईत जिंकले. लग्रांने १९९३ आणि १९९५ मध्येही हा किताब राखला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आता भिंतीवरच होऊ लागल्या आणि कड्याला हात लावणे थांबले.

पुढची वर्षे झरझर सांगता येतील. सुरुवातीला अवघड चढाई आणि वेगाची शर्यत हे दोनच प्रकार होते. २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला बोल्डरिंग, म्हणजे दोराविना, खाली जाड गाद्या टाकून केलेली छोटी पण अतिशय अवघड चढाई, त्यात सामील झाली. २००७ मध्ये या खेळाने गिर्यारोहणाच्या महासंघापासून वेगळे होऊन स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. मूल मोठे झाले, वेगळे घर केले, असेच म्हणायचे.

आणि २०११च्या जुलैमध्ये विश्वविजेतेपद स्पर्धा आर्कोला आली. चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या विजेत्यांना आमंत्रण देणाऱ्या या गावाला जगाचे विजेते ठरवण्याचा मान मिळाला. अवघड चढाईत स्पेनचा रामोन हुलियान आणि ऑस्ट्रियाची अँगेला आयटर जिंकले. दोघेही लहानखुरे. हुलियान तर इतका बुटका, की इतरांचा हात जिथे सहज पुरतो तिथे त्याला उडी घ्यावी लागे. बोल्डरिंगमध्ये रशियाचा द्मित्री शराफुतदिनोव आणि ऑस्ट्रियाची आना श्ट्योर यांनी बाजी मारली. पण त्या आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पदकांच्या या यादीत दिसत नाही. अपंग आरोहकांची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा तिथेच, त्याच दिवसांत झाली. एका पायाने चढणारे आणि डोळ्यांनी न दिसणारे स्पर्धक त्या भिंतीवर उतरले. खालून साथीदार सांगतो, 'उजवीकडे, थोडे वर,' आणि वरचा हात चाचपडत पकड शोधतो.

खेळाचे वारे आपल्याकडेही आले. सह्याद्रीच्या सुळक्यांवर दोर लावणाऱ्या महाराष्ट्राला कातळाचे वेड नवे नव्हते, पण जगातले नामांकित बोल्डरिंगपटू नवी मुंबईत पाहायला मिळाले ते २०१६ आणि २०१७ साली, विश्वचषकाच्या निमित्ताने. मे-जूनचा तो दमट उकाडा. थंड देशांतल्या पाहुण्यांच्या बोटांना खडूची भुकटी किती पुरली असेल, याची कल्पना मुंबईकर करू शकतात.

२०१६ मध्ये ऑलिम्पिक समितीने या खेळाला हिरवा कंदील दाखवला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्पेनचा आल्बेर्तो हिनेस आणि स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट पहिले सुवर्णविजेते झाले. तिथे तिन्ही प्रकारांचे मिळून एकच पदक होते. वेगाने धावणारा आणि विचार करत चढणारा यांना एकाच तराजूत घालणे अनेकांना रुचले नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये वेगाची शर्यत वेगळी काढली गेली. पंधरा मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढून जाणारी माणसे जगाने तिथे पाहिली. गार्नब्रेटने आपले सुवर्णपदक तिथेही राखले.

सुरुवातीच्या विजेत्यांचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. देस्तिवेल स्पर्धा सोडून आल्प्सकडे वळली आणि १९९२च्या हिवाळ्यात आयगरची भीषण उत्तर भिंत एकटीने चढून गेली. लिन हिलने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातला 'नोज' हा सुमारे नऊशे मीटरचा मार्ग दोराला न लोंबकळता चढून दाखवला. तोवर ते कुणा पुरुषालाही साधले नव्हते. भिंतीने त्यांना नाव दिले, पण कातळ त्यांनी सोडला नाही.

आर्कोला जायचे तर व्हेरोनाहून रेल्वेने रोव्हेरेतो गाठावे आणि तिथून बस धरावी. वसंत आणि शरद ऋतू उत्तम. भर उन्हाळ्यात दक्षिणेकडे तोंड केलेला कातळ तव्यासारखा तापतो. ज्यांना चढाई येत नाही, त्यांच्यासाठी कोलोद्रीच्या अंगाला लोखंडी दोर आणि पायऱ्या ठोकलेली वाट आहे. शिरस्त्राण, पट्टा आणि धीर घेऊन निघालेला धडधाकट माणूस तासा-दीड तासात माथ्यावरच्या क्रुसापाशी पोहोचतो. तिथून एका बाजूला किल्ला दिसतो, दूरवर गार्दाचे निळे पाणी दिसते, आणि पायाशी, ऑलिव्हच्या झाडांपलीकडे, स्पर्धेची ती भिंत. तिच्यावर संध्याकाळी गावातली शाळकरी मुले सराव करत असतात.