राणीची परीक्षा

कारभार बिघडला की आपण प्रथम कारभाऱ्याच्या मुद्रेकडे पाहतो. मधमाश्यांच्या राज्यात ही रीत चालत नाही. मंद्रूपच्या एका मळ्यात, कांद्याच्या फुललेल्या गोंड्यांशेजारी मांडलेली एक पेटी उघडून तेथील मधपाळ मला म्हणाले, "हिची राणी थकली." राणी त्यांनी पाहिलीही नव्हती! हाती होती ती केवळ पिलाव्याची चौकट. "राणीकडं काय बघायचं, सर? तिचं काम बघा."

चांगल्या राणीचा पिलावा सलग आणि त्याची झाकणे सपाट असतात. येथे मधूनमधून घरे रिकामी होती, आणि कामकऱ्यांच्या लहान घरांवर नरांची घुमटाकार झाकणे उठली होती. राणीचे मीलन आयुष्याच्या आरंभीच्या काही उड्डाणांतच आटोपते; अनेक नरांकडून मिळालेले बीज ती शरीरातील एका पिशवीत जन्मभर जपते. फलित अंड्यातून कामकरी निपजते, अफलित अंड्यातून नर. पावसाने उड्डाणे चुकली अथवा वयोमानाने पिशवी रिती झाली, तरी राणी अंडी घालीतच राहते. मात्र त्यांतून खाणारेच जन्मतात, मिळविणारे नव्हेत. उशिरा मीलन झालेल्या राणीचे हे लक्षण जिनीव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले. आणि ह्यूबर तर अंध होता! सेवक पाही, आणि हा विचार करी.

तथापि निवाड्याची घाई नको. उपासमारीने वा रोगानेही पिलावा विरळ होतो. राणी घराच्या तळाशी एकच अंडे घालते. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी बहुधा नाहीच, कामकरी माश्याच अंडी घालीत आहेत, असे समजावे.

माश्या स्वतः काय करतात? त्या गाजावाजा न करता नवी राणी वाढवितात, आणि कधीकधी मायलेकी काही दिवस एकाच पोळ्यावर नांदतात. परंतु ही वारस कामकरीच व्हावयाच्या एखाद्या कोवळ्या अळीतूनच घडवावी लागते. जुन्या राणीपाशी फलित अंडी उरली आहेत, तोवरच हे शक्य असते. ती संपली की वसाहतीला स्वतःची सुटका करून घेता येत नाही. मधपाळाला बाहेरून राणी आणावी लागते.

निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माझ्यासारख्या प्राध्यापकाला, आणि किल्ल्या कमरेला खोचून बसलेल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांना, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. वारस घडवायचा तो आपल्यापाशी देण्याजोगे काही शिल्लक आहे तोवरच.