कढत कुंडांच्या काठी

लेकीकडे, मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या बायका न्यूयॉर्क पाहतात, नायगारा पाहतात आणि परततात. मैत्रिणींनो, तुम्हाला योग आला, तर यलोस्टोन चुकवू नका. १८७२ साली राखीव झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. जमिनीतून वाफांचे लोट निघताहेत, हवेला गंधकाचा, म्हणजे चक्क नासक्या अंड्याचा वास! पाच मिनिटं नाकाला पदर लावाल. मग डोळेच नाकाला गप्प बसवतात.

ग्रँड प्रिझमॅटिक हे तिथलं सर्वांत मोठं कुंड, शंभर मीटरहून रुंद. मध्ये पाणी मोरपंखी निळं, मग हिरवं, हळदीसारखं पिवळं, केशरी आणि अगदी कडेला तपकिरी. हे पिवळे-केशरी पट्टे मातीचे नव्हेत बरं का, ते सूक्ष्म जंतूंचे थर आहेत. मधलं पाणी इतकं कढत, की तिथे थर धरत नाही. कडेला जसजसं निवतं, तसतशी वस्ती बदलते.

तुम्ही म्हणाल, अशा पाण्यात जीव जगेलच कसा? आपण तर विरजण लावताना दूध कोमट झालंय ना, ते बोट बुडवून पाहतो. कढत दुधात विरजण मरतं. कारण पेशीतली कामं करतात ती एन्झाइमं. म्हणजे विशिष्ट घडीत दुमडलेल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या. ताप वाढला की घडी विस्कटते. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का कधी?

या जंतूंच्या एन्झाइमांची घडी मात्र जागोजागी टाके घातल्यासारखी घट्ट. गरम पाण्यात ज्यांचे टाके उसवले ते मेले, ज्यांचे टिकले त्यांचा वंश वाढला. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. पण घट्ट शिवणीचा तोटाही असतोच. काचणाऱ्या ब्लाउजमध्ये हात वर होत नाही, तसं हे एन्झाइम कोमट पाण्यात आखडतं, काम मंदावतं. बर्फाळ समुद्रातल्या जिवांचं उलट. त्यांची शिवण सैल. गारठ्यातही हालचाल होते, पण ऊब वाढली की उसवते.

१९६६ साली इथल्याच मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यात थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याला ७० अंश सेल्सिअसला सुखाने वाढणारा एक जंतू मिळाला. त्याचं नाव थर्मस अ‍ॅक्वाटिकस. त्याचं एक एन्झाइम ९५ अंशांचे चटके सोसतं. डीएनएच्या प्रती काढताना नमुना पुन:पुन्हा तापवावा लागतो. साधं एन्झाइम दर खेपेला मरायचं, नवं घालावं लागायचं. हे चिवट एन्झाइम हाती आलं आणि ती कटकट संपली. २०२० साली आपल्या नाकात काडी घालून आरटी-पीसीआर तपासणी झाली ना, तिच्यामागचं तंत्र हेच!

जाल तेव्हा लाकडी पायवाट सोडू नका. बाजूचा पापुद्रा पातळ, खाली उकळतं पाणी. माणसं पडून दगावली आहेत. नातवंडांचा हात घट्ट धरा. आणि ग्रँड प्रिझमॅटिकला भल्या सकाळी जाऊ नका, गारठ्यात नुसती वाफ दिसते. दुपारच्या उन्हात, जवळच्या टेकडीवरच्या सज्जातून पाहा. चढ थोडाच आहे, पण पायांत बूट हवेत.